आमच्या घराण्याच्या मूलपेशी

कॉलेजात असताना मूलपेशी दात्यांच्या नोंदणीच्या एका शिबिरात मी गालाच्या आतून कापसाची काडी फिरवून दिली होती. मैत्रीण देत होती, म्हणून मीही दिली आणि विसरून गेले. त्यामुळे पुढे एकदा ऑफिसात फोन आला, "तुमच्या पेशी रक्ताच्या कॅन्सरच्या एका पेशंटशी जुळतात, मूलपेशी दान कराल का?" तेव्हा मला आधी वाटलं, क्रेडिट कार्डवालीच असणार.

दांडिया बाजारातल्या आमच्या घरात कुठलीच गोष्ट एकट्याने ठरवायची पद्धत नाही. मोठे काका धावत आले. आमचे पूर्वज संस्थानच्या फौजेत शिलेदार होते. काका विमा कंपनीतून निवृत्त झाले, आणि घोड्यावर बसले ते फक्त स्वतःच्या लग्नात. पण घराण्याचं रक्त हा विषय त्यांच्याकडे.

"मणक्यातून काढतात. मुलगी जन्माची अधू होईल," काका म्हणाले.

"कोणी सांगितलं?"

"सगळ्यांना माहीत आहे!"

आईने माझ्या लग्नाचा विषय काढला. शेजारच्या गुजराती मासी म्हणाल्या, "पुण्यनुं काम छे!" आणि त्याच दमात, आपल्या मुलाला मात्र असलं काही करू दिलं नसतं, असंही.

"पेशंट कोण? कुठला?" काकांनी विचारलं.

"नाव सांगत नाहीत."

"म्हणजे कुणाच्याही अंगात आपलं...?" त्यांना वाक्य पुरं करवेना.

शेवटी मी त्यांना आणि आईला, जिथे दान करायचं होतं त्या हॉस्पिटलातल्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेले. त्या शांतपणे बोलल्या. हाडांच्या आत मऊ मगज असतो, त्यात मूलपेशी असतात, रक्तातल्या सगळ्या पेशी त्यांच्यापासूनच बनतात. पेशंटचा हा कारखाना बिघडलाय. तो औषधांनी रिकामा करायचा आणि हिच्या पेशी त्याच्या शिरेतून सोडायच्या. त्या आपणहून हाडांत जाऊन रुजतात.

"मणका?" काका.

"मणक्याला हातही लागत नाही. आधी काही दिवस इंजेक्शनं, म्हणजे पेशी रक्तात उतरतात. मग एका हातातून रक्त मशीनमध्ये जातं, पेशी वेगळ्या होतात, बाकीचं दुसऱ्या हातातून परत. हिच्या पेशी थोड्या दिवसांत भरून येतात."

"आणि त्याचं रक्त?"

"हिच्या पेशी बनवतील ते. रक्तगटसुद्धा हिचाच होईल."

रिक्षात बसल्यावर काका म्हणाले, "म्हणजे तो आपल्यातलाच झाला की!"

तिथून त्यांनी पक्षच बदलला. घराण्याचा विस्तार होतोय, हे बाजारभर झालं. फरसाणवाल्याने माझ्याकडून पैसे घेतले नाहीत. मासींनी पेपरातली जाहिरात आणून दाखवली: मूलपेशींचं इंजेक्शन घ्या, गुडघे नवे करा. काकांनी तेवढ्यात आपलं टक्कलही त्यात जोडलं.

दानाच्या दिवशी काकांनी दोन्ही प्रश्न डॉक्टरीणबाईंपुढे ठेवले.

"रक्ताच्या काही आजारांत हा उपचार पक्का आहे," त्या म्हणाल्या. "बाकी बऱ्याच गोष्टींचा अजून अभ्यास चालू आहे. जाहिरात बघून सुई टोचून घेऊ नका."

काकांनी डोक्यावरून हात फिरवला.

इंजेक्शनांनी माझं अंग तापात दुखावं तसं दुखत होतं. आईने हाडं भरून यावीत म्हणून डिंकाचे लाडू चारले होते. आता दोन्ही हात नळ्यांना जोडलेले, आणि नेमकं नाक खाजायला लागलं. आई खुर्ची ओढून बसली आणि सांगेन तेव्हा खाजवत राहिली. शेवटी टोमॅटोच्या सारासारख्या रंगाची एक छोटी पिशवी भरली.

"एवढंच?" काकांचा चेहरा उतरला. फौजेला शोभेल असं काहीतरी त्यांना अपेक्षित होतं. आईने मात्र पिशवीला हात जोडले.

काही महिन्यांनी त्या शिबिरवाल्या संस्थेचा फोन आला: पेशी रुजल्या, पेशंट घरी गेला. काकांनी माझ्या हातून फोन घेतला.

"बाई, नाव नका सांगू. गाव नका सांगू. जात तर मी विचारतही नाही." त्यांनी फोन दुसऱ्या कानाला लावला. "नीट जेवतो ना पण?"

पलीकडची बाई हसली. "हो, जेवतात आता."

"मग झालं तर," काका म्हणाले, आणि चष्मा पुसायला गॅलरीत गेले.