बैलापुढं टाकलेलं डांगर

माझ्या बानं वाढवलेलं डांगर आबासाहेबांनी बैलापुढं टाकलं. चर्चच्या दारात. सगळ्या मंडळीसमोर. आणि सगळे हसले. हसणाऱ्यांत माझा बासुद्धा होता.

वाटूर फाट्यावरून आत आमचं गाव. गावाबाहेर आमची वस्ती. आज्याच्या काळात आम्ही ख्रिस्ती झालो. देव बदलला, वस्ती तिथंच राह्यली. वस्तीत पत्र्याचं चर्च. जालन्याहून पाळकसाहेब यायचे, महिन्यातनं एखाद्या रविवारी.

पिकं निघाली की आमच्यात कापणीचा सण असतो. ज्याच्या घरी जे पिकलं ते देवाला आणायचं. कुणी बाजरीची कणसं, कुणी कोंबडी, कुणी नुसते वाटीभर तीळ. उपासना झाली की त्याच वस्तूंचा लिलाव होतो आणि पैसा चर्चच्या कामाला जातो. आमच्याकडं शेत कुठलं? झोपडीवर डांगराचा, लाल भोपळ्याचा वेल होता, तेवढाच. तो बानं एका हातानं चढवल्ता.

एका हातानं, कारण उजवा हात आबासाहेबांच्या कडबा कुट्टीच्या मशीनीत गेल्ता. आबासाहेब गावातले सगळ्यात मोठे शेतकरी, बा त्यांच्याकडं कामाला होता. मशीन ओढून घेऊन राह्यली, असं बानं दोनदा सांगितल्तं. आबासाहेब म्हणले, "कडबा लाव, नाटकं करू नको." बानं लावला. मनगटापासून हात गेला. दवाखान्यात, चावडीवर, सगळीकडं आबासाहेबांनी एकच सांगितलं, "पिऊन आल्ता."

माझा बा आयुष्यात दारू प्याला न्हाई. मंडळीत प्रार्थना चालवायचा तो. पण आबासाहेबांचं बोलणं गावानं धरलं. हात गेला त्याचं दुःख बानं गिळलं. 'दारुडा' मात्र त्याच्या घशात अडकून राह्यलं.

तर त्या सणाला आबासाहेब प्रमुख पाहुणे. चर्चच्या पत्र्यांना त्यांनी मदत केल्ती म्हणून. ते खुर्चीवर, आम्ही सतरंजीवर. पाळकसाहेबांनी त्यांच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली, "प्रभू, ह्या कुटुंबाला तू भरभरून आशीर्वाद दिलास." बानं सगळ्यात मोठ्यानं 'आमेन' म्हणलं.

लिलावात डांगराला आबासाहेबांनी सगळ्यात मोठी बोली लावली. टाळ्या पडल्या. बाचा चेहरा कसा फुलला होता, काय सांगू! त्याला वाटलं, आपल्या हातचं आबासाहेबांच्या घरी शिजणार. आबासाहेब बाहेर आले. दारात त्यांची बैलगाडी. गड्याला म्हणले, "फोड अन् टाक बैलाला. ह्यांच्या घरचं आपल्याला चालतं का?"

गड्यानं दगडावर आपटून फोडलं. बैलानं दोन घासांत संपवलं.

घरी आल्यावर मी बाला विचारलं, "असल्या माणसाचं इतकं बराबर कसं चालतं गा? तुझा देव झोपला का?"

बा चिडला न्हाई. म्हणला, "बाई, शास्त्रात स्तोत्र गाणारा एक जण हाय, त्यालाबी हेच वाटल्तं. दुष्ट माणसं माजून राह्यलीत, आणि मी उगंच हात धुऊन शुद्ध राह्यलो. मंग तो देवाच्या मंदिरात गेला, तवा त्याला कळलं. ती माणसं निसरड्यावर उभी हायेत. पडतील. आणि आपला उजवा हात देवानं धरलाय."

"उजवा हात तर कुट्टीत गेला," मी म्हणले.

त्या घरात आम्ही दोघंच. आई लहानपणीच गेल्ती.

मंग मी वाट बघू लागले. आबासाहेब कधी पडतात? त्यांच्याच कापसात वेचणीला जायचे आणि डोळा त्यांच्या घराकडं. त्यांनी बोअर मारला, पाणी लागलं. ट्रॅक्टर आला. स्लॅबचं घर झालं. पोरगा सरपंच झाला. दर रविवारी मी डोळे मिटून एकच मागायचे, ह्याचं वाटोळं होऊ दे. माझा बा तेवढा पडला. तापानं. आबासाहेबांचं पडणं न बघताच गेला. मातीला पाळकसाहेब म्हणले, "धीर धरा." बस्स, एवढंच.

त्यानंतर झोपडीत मी आणि तो वेल. भाकर एकीची. बोलायला कुणी न्हाई म्हणून मी वेलाला शिव्या द्यायचे. मेला तरीबी वाढायचा.

पुढच्या कापणीच्या सणाला मी डांगर घेऊन गेले. जावंसं वाटत नव्हतं, पण पहिलं फळ देवाचं, ही बाची रीत. समोर तीच खुर्ची. खुर्चीत तेच आबासाहेब. मंडळी गाणं म्हणून राह्यली होती आणि मी नेहमीसारखी त्यांच्याकडंच बघून राह्यले होते. तेवढ्यात मनात आलं, मी इतकी वर्षं मंदिरात येते, पण देवाकडं बघते कधी? माझी सगळी भक्ती ह्या माणसाकडं बघण्यात गेली.

पहिल्यांदा मी नजर वळवली. समोरचा साधा लाकडी क्रूस बघितला. ज्यानं काही केलं न्हाई, त्याला खोटं बोलून टांगलं. त्याच्या माणसांतलं त्या दिवशी त्याच्या बाजूनं कोण बोललं? कुणी न्हाई. देव आबासाहेबाला मोठा करत न्हाई. देव तर कुट्टीत हात गेलेल्याकडं बसलाय. खुर्ची आम्ही टाकली. टाळ्या आम्ही वाजवल्या. आग लागो त्या टाळ्यांना!

लिलाव सुरू झाला. आबासाहेबांनी डांगरावर बोली लावली. मी उठले, डांगरावर उजवा हात ठेवला.

"हे विकायचं न्हाई."

पाळकसाहेब म्हणले, "बाई, हे देवाचं काम आहे. खाली बस."

"माझा बा प्याला नव्हता," मी म्हणले. "ह्यांनी इथं उभं राहून एवढं सांगावं. मंग डांगर फुकट न्यावं."

सगळी मंडळी सतरंजीकडं बघू लागली. आबासाहेब हसले. "डोकं फिरलंय पोरीचं," म्हणले आणि निघून गेले.

दुसऱ्या दिवशी वस्तीतल्या एकाही बाईला त्यांच्या शेतात काम न्हाई. माझी सख्खी चुलती दारात आली. "तुझ्यापायी आमच्या चुली विझल्या," म्हणली. रविवारी मी सतरंजीवर बसले की बाजूच्या बाया सरकून बसायच्या. कुणी सलाम घेईना. पुढं कामं परत सुरू झाली, माझं सोडून. मी बदनापूरला जाऊन खुरपणी केली, शनिवारी गावात यायचे. रविवार सोडला न्हाई.

आबासाहेब पडले न्हाईत. म्हातारे होऊन झोपेत गेले. माणूस मावंना एवढी मयत. मी घरात बसून ऐकलं. आनंद झाला न्हाई, वाईटबी वाटलं न्हाई. वाट बघणं केव्हाच संपल्तं.

आता खुर्चीत त्यांचा पोरगा बसतो. बोलीच्या टाळ्या अजून तशाच पडतात. ह्या वर्षीबी मी डांगर नेणार. विकू देणार न्हाई. चर्चच्या अंगणात तीन दगड मांडून शिजवणार. ज्याला माझ्या हातचं चालतं त्यानं खाली सतरंजीवर बसून खावं. कुणी न्हाई आलं तर एकटी खाईन. पण आधी उभी राहीन, खुर्चीकडं पाठ करीन, मंडळीकडं तोंड करीन आणि सांगीन. माझा बा प्याला नव्हता. तुम्हा सगळ्यांना ठाऊक होतं.