डोळे मिटून पाहिलेला शनी

माझा मुलगा कारखान्यातून निवृत्त झाला आणि त्यानं दुर्बीण आणली. नळी पाण्याच्या पिंपाएवढी जाड, उंचीला माझ्यापेक्षा मोठी. आमच्या खोल्यांत मावेना, म्हणून सावेडीतल्या आमच्या इमारतीच्या गच्चीवर ठेवली, तर सगळे कुरकुरायला लागले. पापड कुठं वाळवायचे, म्हणे. पापड सगळे विकतचेच खातात.

शेवटी सोसायटीचे चेअरमन म्हणाले, "शनिवारी सगळ्यांना काय ते दाखवा. न्हाई दिसलं तर काढायची."

काढायची म्हणजे विकायची. मुलाला दोन घास जाईनात.

त्या शनिवारी ऊन कलताच त्यानं दुर्बिणीतल्या आरशावरचं झाकण काढलं. आरसा निवला नाही तर ग्रह उकळत्या पाण्यातल्यासारखा हलतो. मग अंधार पडल्यावर जुळवणी. परातीएवढा आरसा नळीच्या तळाशी, त्याला मागून स्क्रू. मुलगा वर भिंगाला डोळा लावून उभा. तिथून त्याचा हात खाली पोचत नाही, म्हणून खाली पाटावर मी.

"आई, डावीकडचा फिरव. थोडा. अगं, थोडा म्हणलं."

"थोडाच फिरवला. तुझं थोडं तुलाच ठाऊक."

तारा मुद्दाम धूसर केला की मेदूवड्यासारखा दिसतो. वड्याचं भोक मधोमध आलं की आरसा जुळला. आलं एकदाचं. मग त्यानं शनी धरला. मी पाहिला. लहानसा, भोवती कडं, कोरून काढल्यासारखा. चांगला होता.

मग मंडळी आली, ती चपला जिन्यातच काढून. शिंगणापूर इथून जवळ. शनी म्हटला की आमच्याकडची माणसं आधी घाबरतात. मुलानं बजावलं, "नळीला हात लावू नका, जरा धक्क्यानं शनी निसटतो."

पहिल्या चेअरमनबाई. त्यांनी हात लावलाच नाही. हात जोडले, डोळे गच्च मिटले आणि भिंगावर कपाळ टेकवलं. नळी सरकली.

"लई छान दर्शन झालं," बाई म्हणाल्या.

मागचे सगळे तसेच. वाकायचं, मिटायचं, छान म्हणायचं. मुलगा हरखून कड्याची माहिती सांगत होता. शेवटी चेअरमन वाकले, उठले आणि म्हणाले, "राहू द्या दुर्बीण. देवाचं काम हाय."

मी डोळा लावला. नुसता काळोख.

"यात शनी नाही," मी म्हणाले. "कधीचाच गेलाय."

"आजी, मोतीबिंदू असंल तुम्हाला," चेअरमन म्हणाले.

"काढलाय मी. तुम्ही डोळे उघडले होते का?"

मुलानं भिंगातून पाहिलं, मग माझ्याकडं. हळूच म्हणाला, "आई, गप बस."

गच्ची मिळाली होती ना, मग काय.

आता दर शनिवारी दर्शन असतं. त्या दिवशी तो मला पाटावर बसवत नाही. आरसा जुळवतच नाही. डोळे मिटणाऱ्यांसाठी कोण पाठ मोडून घेणार?