कुंकू लागलेला संगणक

ती घटना विसरलो, असं मी नोकरीत असताना आणि नंतरही लोकांना सांगत आलो. खोटं होतं ते. स्वेच्छानिवृत्ती घेऊन आता मंगळवार पेठेतल्या घरी बसलोय. परवा बायकोनं नव्या लॅपटॉपवर माझी मेल जोडून दिली. जोडताना मोबाईलवर प्रश्न उमटला, हे तुम्हीच आहात का? मी ‘होय’ दाबलं आणि ती मुलगी समोर येऊन बसल्यासारखी झाली. तिचं नाव मी लिहिणार नाही, इतर कुणाचंही नाही. पण बाकी काही लपवणार नाही.

कोल्हापूरच्या सायबर ठाण्यात बदली झाली तेव्हा मी दरोडे, मारामाऱ्या आणि उसाच्या ट्रॅक्टरखालचे अपघात यांत मुरलेला अधिकारी होतो. नव्या कामातले शब्द पाठ केले होते, काम शिकायचं राहिलं होतं. अशात एका सकाळी इचलकरंजीचे एक यंत्रमाग मालक तक्रार घेऊन आले. त्यांच्या शेडमध्ये साड्या विणल्या जात. साडीचे काठ त्यांचीच एक डिझायनर मुलगी संगणकावर काढायची आणि नमुना मेलनं सुरतच्या व्यापाऱ्याला जायचा. व्यापाऱ्याचा होकार यायच्या आत तोच काठ दुसऱ्याच कुणाच्या मालावर बाजारात दिसत होता. एकदा झालं असतं तर योगायोग म्हणून सोडलं असतं. तिसऱ्यांदा झालं तेव्हा व्यापाऱ्यानं सांगितलं, आता तुमच्याकडून नमुने नकोत.

मालकांबरोबर त्यांचा मेहुणा आला होता. शेजारच्या गल्लीत त्याची छोटी शेड होती. मालक कमी बोलत होते, मेहुणाच जास्त. तो म्हणाला, “साहेब, मेलला डबल कुलूप हाय. पासवर्ड टाकला तरी मोबाईलवर विचारतंय, तुम्हीच हाय का म्हणून. आणि ते विचारतंय दोघांच्याच मोबाईलवर. एक दाजी, एक ती पोरगी. आता दाजी स्वतःच्याच घरात चोरी करतील व्हय?”

फिर्यादीपेक्षा त्याच्यासोबत आलेला माणूस जास्त बोलायला लागला, तर आधी त्याच्याकडे बघा, हे मी हाताखालच्या पोरांना कैक वर्षं शिकवत आलो होतो. त्या दिवशी मी स्वतः बघितलं नाही. उलट त्याचं बोलणं मला पटलं. जाता जाता त्यानं खबरही दिली. दुसऱ्या एका शेडच्या माणसाबरोबर ती मुलगी चहाच्या टपरीवर उभी असलेली लोकांनी पाहिली आहे.

आम्ही शेडचं मेलचं खातं उघडून पाहिलं. कोणकोणत्या यंत्रांवर ते उघडलंय ते तिथं दिसत होतं. मालकांचा मोबाईल, मुलीचा मोबाईल, शेडच्या डिझाईन रूममधला संगणक. बाकी काही नाही. माझ्या मते तपास तिथंच संपला होता. फक्त कबुली घ्यायची राहिली होती.

दुसऱ्या दिवशी ती एसटीनं एकटी आली. पंचविशीच्या आतबाहेरची. खांद्याला पिशवी, पिशवीत डबा. टेबलावर मोबाईल ठेवला आणि त्याच्या शेजारी चार्जर. म्हणाली, “मोबाईल ठेवून घेणार असाल तर हाही घ्या. बंद पडला तर तुम्ही म्हणाल, मी मुद्दाम बंद केला.”

मला तो उद्धटपणा वाटला. आज वाटतं, ठाण्याची पायरी चढताना इतकं डोकं शांत ठेवणारा माणूस मी क्वचितच पाहिला.

माझी चौकशीची एक पद्धत होती. आधी बराच वेळ काही विचारायचं नाही, फाईल चाळत बसायचं. समोरचा चुळबुळ करू लागला की एकदम आरोप करायचा. ती चुळबुळलीच नाही. खिडकीच्या जाळीकडे बघत बसली. शेवटी मी विचारलं, टपरीवर कुणाला भेटत होतीस? तिनं सरळ सांगितलं, त्या शेडवाल्यांनी जास्त पगारावर बोलावलं होतं. मग गेली का नाहीस?

“त्यांच्या मागांवर माझे काठ उतरत न्हाईत, साहेब. धागा तुटतो. जिथं काम बिघडतंय तिथं पगार घेऊन काय करू?”

मग तिनं एक गोष्ट सांगितली. रोज सकाळी चहा घेताना ती मोबाईलवर शेडची मेल बघायची. न वाचलेली मेल जाड अक्षरात दिसते, वाचून झाली की अक्षर बारीक होतं. काही महिने सुरतच्या मेल तिला आधीच बारीक झालेल्या दिसत होत्या. मालक तर उठायचेच उशिरा. तिनं मालकांना सांगितलं, ते हसले. आता तिनं मला सांगितलं. मी म्हणालो, “तूच वाचून विसरली असशील.”

ती गेल्यावर मी मालकांना फोन लावला. तो फोन करायची काहीच गरज नव्हती. पुरावा हातात नव्हता, गुन्हाही अजून नोंदवला नव्हता. तरी मी म्हणालो, “नव्व्याण्णव टक्के तीच आहे.”

तिचे वडील त्याच शेडमध्ये माग चालवायचे. संध्याकाळच्या पाळीला ते गेले तेव्हा त्यांना दारातूनच परत पाठवलं. सकाळपर्यंत गल्लोगल्ली झालं, पोरगी चोर आहे, पोलिसांनीच सांगितलंय. यंत्रमागाच्या गावात डिझायनरवर हा शिक्का बसला की तिला कुठल्याच शेडचं दार उघडत नाही. तिचं काम गेलं, बापाचं गेलं, आणि ते माझ्या एका वाक्यानं गेलं.

दुसऱ्या दिवशी ती न बोलावता आली. मी तेव्हा मालकांना खात्याचा पासवर्ड बदलायला सांगत होतो. अशा प्रकरणात पहिली सूचना तीच असते. ती दारातूनच म्हणाली, “बदलू नका, साहेब.”

मी चिडलो. तिला आत यायलासुद्धा सांगितलं नाही. ती तिथूनच बोलत राहिली. “पासवर्ड बदलला की जो कोण हाय तो बाहेर पडंल आणि परत कधीच सापडणार न्हाई. चोरी थांबंल. सगळे म्हणतील, बघा, पोरीला पकडली आणि चोरी थांबली. मग जन्मभर मीच चोर.”

माझी महिला हवालदार कोपऱ्यात टायपिंग करत होती. तिचे हात थांबले. माझ्याही डोक्यात प्रकाश पडला, पण मी तो तोंडावर दिसू दिला नाही. तुझं म्हणणं काय, विचारलं.

तिनं रात्रभर विचार केलेला दिसत होता. मालकांचा मोबाईल आणि तिचा मोबाईल, दोन्ही ठाण्यात ठेवायचे. शेडच्या सुट्टीचा वार बघायचा, म्हणजे तिथला संगणक बंद असेल. मग सुरतच्या व्यापाऱ्यानं एक मेल पाठवायची. ती मेल जर कुणी वाचली, तर वाचणारा चौथा. “आणि मला दिवसभर इथंच बसवा,” ती म्हणाली. “समोर. म्हंजे कुणी म्हणायला नको.”

स्वतःहून ठाण्यात बसवून घ्या म्हणणारा संशयित मी त्याआधी पाहिला नव्हता आणि नंतरही नाही. तिला विचारलं, तुझा कुणावर संशय आहे? ती म्हणाली, “कुणावर न्हाई, म्हणून सगळ्यांवर हाय. मालकांनी घरात कुणाला सांगायचं न्हाई. बायकोला पण.”

व्यापारी तयार झाला. सुट्टीच्या दिवशी त्यानं मेल टाकली की मी कामानिमित्त कोल्हापुरात आहे, बस स्टँडजवळच्या लॉजवर उतरलोय, चार वाजता काठांचे नवे नमुने घेऊन भेटा. प्रत्यक्षात तो सुरतेतच होता; त्याला इकडं मालकांशिवाय कुणी पाहिलेलं नव्हतं. लॉजच्या खोलीत आम्ही आमचा चंदगडचा हवालदार शेठ म्हणून बसवला. चांगला गोरागोमटा, पोट सुटलेला माणूस. कुणाची तरी अंगठी उसनी घेऊन बोटात घातली होती. मला म्हणाला, “साहेब, मी हिंदीत बोलू काय?” मी म्हणालो, “बोलूच नकोस. नुसतं कापड चाचप.” शेजारच्या खोलीत मी आणि मालक. मालकांचा समज असा की कुणीच येणार नाही आणि पोरीचं नाटक उघडं पडेल. खरं सांगायचं तर माझाही समज तोच होता.

चार वाजून गेले आणि मेहुणा आला. हातात पिशवी, पिशवीत कापडाचे नमुने. हसत म्हणाला, “नमस्कार शेठ. दाजींची तब्येत जरा नरम हाय, म्हणून मी आलो. आणि तुम्हाला म्हणून सांगतो, हाच काठ मी तुम्हाला स्वस्तात देतो की.”

हवालदारानं कापड चाचपलं. पुरेसं चाचपून झाल्यावर त्याला राहवलं नाही. “पावणं, मी इथं उतरलोय ते तुम्हाला कुणी सांगितलं?”

“दाजींनीच की. सकाळी फोन केलता.”

मालक दार उघडून आत गेले. मला वाटलं ओरडतील. पण त्यांचा आवाज पार खाली गेला होता. “माझा फोन सकाळपासनं साहेबांच्या कपाटात हाय,” एवढंच म्हणाले आणि कॉटवर बसले.

मेहुण्याच्या शेडमध्ये गेलो तेव्हा कोपऱ्यात एक जुना संगणक होता. त्याच्या डब्यावर हळदकुंकवाची बोटं वाळून बसली होती. मालकांनी तो लगेच ओळखला. डिझाईन रूममधला आधीचा संगणक. त्यांच्या घरात रीत होती की ज्या वस्तूनं धंदा केला ती भंगारात घालायची नाही, आपल्याच माणसाला द्यायची. खंडेनवमीला माग पुजले, त्यांच्याबरोबर नवा संगणक पुजला, जुन्यालाही कुंकू लावलं आणि जुना मेहुण्याला दिला. त्यातलं काही पुसलं नाही. पुजलेली वस्तू रिकामी करून द्यायची, हे कुणाच्या मनातही आलं नाही.

आता डबल कुलपाचं. मोबाईलमधलं मेलचं ॲप ‘तुम्हीच का’ हा प्रश्न विचारतं आणि उत्तर मिळाल्यावर उघडतं. त्या संगणकावर मेल उतरवून घेणारा एक जुना प्रोग्राम होता. त्याला हा प्रश्न कळतच नाही. वर्षभरापूर्वी, तो संगणक डिझाईन रूममध्येच असताना, खात्याला डबल कुलूप लावलं तेव्हा तो प्रोग्राम बंद पडला, काम अडलं, मालक ओरडले. दुरुस्तीवाल्यानं मग खात्याच्या सेटिंगमध्ये जाऊन फक्त त्या प्रोग्रामसाठी सोळा अक्षरांचा वेगळा पासवर्ड काढून त्यात भरला. त्यात चूक नव्हती, सोय तशीच आहे. पण तो पासवर्ड एकदा भरला की पुन्हा कुणाला काही विचारत नाही. संगणक ज्या घरात जाईल त्या घरात मेल उतरत राहते. मी ज्या पानावर यंत्रांची यादी पाहिली होती तिथं हा प्रोग्राम दिसतही नव्हता. वेगळे पासवर्ड दुसऱ्या पानावर असतात आणि ते पान मी उघडलंच नव्हतं. मुलीलाही ते पान माहीत नव्हतं. तिनं फक्त अक्षराची जाडी पाहिली होती आणि जे पाहिलं त्यावरून ती हलली नाही. शिवाय खात्याचा मुख्य पासवर्ड बदलला असता तर तो वेगळा पासवर्डही त्या क्षणी मेला असता, आणि मेहुणा कायमचा सुटला असता.

मेहुणा माझ्या डोळ्याला डोळा देत म्हणाला, “मी काय कुलूप फोडलं काय? सकाळी चालू केला की यायचं आपोआप. डोळं मिटून बसू व्हय?” पण तिच्याबद्दलची खबर त्यानं आपोआप दिली नव्हती. 

ठाण्यात परतलो तेव्हा ती बाकावर बसून कागदावर पेन्सिलीनं काहीतरी काढत होती. आमच्या खिडकीच्या जाळीचा काठ केला होता तिनं. मी सांगितलं, सापडला. तिनं पेन्सिल ठेवली. ‘कोण?’ असं न विचारता म्हणाली, “बाबांना फोन करू का?” मी तिचा मोबाईल आणून दिला. चार्जर तिनं आठवणीनं मागून घेतला.

गुन्हा नोंदवला, दोषारोपपत्र गेलं. घरातलं प्रकरण म्हणून पुढं त्यांचं कोर्टात काय झालं त्यात मी जात नाही. मालकांनी बापलेकीला कामावर परत बोलावलं. ती जायला तयार झाली, पण मला भेटून एक अट घातली. “तुम्ही शेडमध्ये येऊन सांगायचं, साहेब. सगळ्यांसमोर. तुमचं नाव घेऊनच लोक बोलतात.”

मी गेलो. शनिवारी, पगाराच्या दिवशी, सगळे कामगार असताना. माग सुरू होते. यंत्रमागाच्या शेडमध्ये माणसाचा आवाज शेजारच्याला ऐकू येत नाही. मी तसाच बोलू लागलो, मनात आलं, बरंच झालं. तिनं माझ्याकडे पाहिलं, भिंतीपाशी गेली आणि मेन स्विच खाली ओढला. एकेक करत सगळे माग थांबले. तसली शांतता मी कोर्टातही ऐकलेली नाही. तिचे वडील मागापाशी हात पुसत उभे होते.

मी म्हणालो, “या मुलीचा काही दोष नाही, हे तपासात निष्पन्न झालेलं आहे. गैरसमज झाला होता.”

ती म्हणाली, “कुणाचा, साहेब?”

रागानं नाही. मेल आधीच वाचलेल्या दिसतात हे जितक्या सरळपणे सांगितलं होतं, तितक्याच सरळपणे. अंगावर वर्दी होती, समोर एवढी माणसं होती. मी मालकांकडे पाहिलं. मालकांनी स्विच वर केला आणि माग धडधडायला लागले.

या प्रकरणानं मला पुष्कळ शिकवलं. जुना संगणक किंवा मोबाईल दुसऱ्याला द्यायच्या आधी त्यातली मेल काढून टाका, खात्यातले वेगळे पासवर्ड उघडून बघा, नको ते रद्द करा, हे मी पुढं शाळा-कॉलेजांतल्या प्रत्येक भाषणात सांगितलं. लोक टाळ्या वाजवायचे. ही अक्कल एका मुलीला ठाण्यात बसवून मला आली, हे मात्र कधी सांगितलं नाही. आज ती इचलकरंजीत स्वतःचं डिझाईनचं ऑफिस चालवते. बायकोच्या एका साडीला आमच्या खिडकीच्या जाळीचा काठ आहे. तो कुठून आला ते बायकोला माहीत नाही. हे छापून आलं की कळेल.

तिनं विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं राहिलं होतं. गैरसमज माझा होता. फोनवर ते वाक्य मी बोललो होतो.