शिवणीचा ओला ओंडका

कर्जतपासून खालापुरापर्यंत लाकडात हात घालणारी माणसं पुष्कळ; पण वाळल्या लाकडाचा विटाळ मानणारा एकच, आमच्या हिचे मामा. लाकडी वाडगे आणि पीठ मळायच्या काठवटी कातणं हा त्यांचा धंदा. सकाळी तोडलेलं झाड दुपारी कातावर, म्हणजे लाकूड फिरवायच्या खुंटांवर, चढलं पाहिजे, पटाशी टेकवताच तोंडावर पाणी उडालं पाहिजे, तरच ते लाकूड. लग्नानंतर पहिल्यांदा भेटायला जाताना मी, स्टेशनातला कारकून, रेल्वेच्या कामातून उरलेला सागाचा छान वाळलेला ठोकळा तीन कोस खांद्यावरून नेला. मामांनी तो हुंगला. "जावाय, ह्ये मढं कुठनं उचलून आणलंत?" पुढे मामींनी तो खुराड्याच्या दाराला टेकण म्हणून लावला. माझा त्या घराला झालेला उपयोग तेवढाच.

ओल्या लाकडाचा वाडगा वाळताना थोडा वाकतोच. गिऱ्हाइकानं कुरकुर केली की मामा म्हणत, "तुजं त्वांड तरी कुठं गोल हाय रं?" कातलेला वाडगा वाऱ्यानं तडकू नये म्हणून ते भाताच्या कोंड्यात पुरून ठेवत, आणि दिवसातून चारदा उकरून बघत.

काताला माणसं दोन लागत. दोन खुंटांमध्ये ओंडका, त्याला चामड्याच्या पट्ट्याचे वेढे. मामी समोर बसून पट्टा आळीपाळीनं ओढत, ओंडका गरगरे, आणि मामा पटाशी धरत. "नीट वढ गं!" "तुमी नीट धरा!" असं दिवसभर चाले. पण मामांची पटाशी अडखळण्याआधीच मामींचा हात थांबलेला असे. तीस वर्षं.

आमच्या थोरलीचं लग्न ठरलं, तेव्हा तिच्या काठवटीसाठी बांधावरचं शिवणीचं झाड मामींनीच निवडलं. झाड पाडलं आणि त्याच दुपारी त्या तापानं पडल्या. मामांनी ओंडका दोर बांधून ओढ्यात बुडवला, वाळू नये म्हणून. शेजारचा म्हणाला, "मी वढतो पट्टा." मामा म्हणाले, "ती उठंल. तवर लाकूड थांबंल." रोज ओढ्यावर जाऊन यायचे आणि अंथरुणापाशी बसून सांगायचे, "वला हाय गं अजून." मामी डोळे मिटूनच म्हणायच्या, "लाकडाला पाजलंत, आता मला बी घोटभर द्या."

चैत्रात मामी गेल्या.

तेराव्यानंतर मामांनी ओंडका ओढ्यातून काढला आणि अंगणात भर उन्हात टाकला. मी म्हणालो, "मामा, मी ओढतो पट्टा. शिकवा मला." त्यांनी माझे दोन्ही तळवे उलटे करून पाहिले, टाक धरून मऊ पडलेले, आणि हळूच सोडून दिले. "लेकीला परात घ्या, जावाय."

तिसऱ्या दिवशी दुपारी आम्ही जेवत होतो. अंगणात काडकन आवाज झाला. ओंडका उभा तडकला होता. ही अर्धवट उठली. मामांचा घास हातातच राहिला. मग त्यांनी मान वर न करताच हिला सांगितलं, "वाढ गं जावायला."

माझं पोट केव्हाच भरलं होतं. पण वाढलेलं सगळं मी खाल्लं.