बुधवारचं माहेर

आमच्या वहिनींना कोणाच्या लग्नकार्याला जायचा मनस्वी राग होता. साखरपुडा, बारसं, वास्तुशांत, काही म्हणता काही नाही. पत्रिका घेऊन आलेल्याला त्या चहा द्यायच्या, पत्रिका देवापुढे ठेवायच्या आणि तोंडावर सांगायच्या, "मी यायची नाही. लग्नाला तीनशे माणसं येतील, त्यात तुला माझं तोंडसुद्धा दिसणार नाही. मांडव उतरला, पाहुणे पांगले, की मग येईन. तेव्हा माणूस लागतं." लोक नाकं मुरडायचे. मलाही पहिली काही वर्षं वाटायचं, की आहेर चुकवायची ही युक्ती आहे.

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. मोठे दीर लवकर गेले, आमचे हे मुंबईत नोकरीला, त्यामुळे रत्नागिरीच्या घरात आम्ही दोघीच. यांनी हौसेने गाडी घेतली आणि अंगणात झाकून ठेवली. गणपतीत आणि मे महिन्यात काय ती फिरायची. वहिनी येता-जाता त्या गाडीकडे बघून चरफडायच्या. "एवढी गाडी, आणि आमसुलांसारखी उन्हात सुकत घातलीय. वैजू, तू शीक गो!" अठ्ठेचाळिसाव्या वर्षी मी गाडी शिकले, ती केवळ त्यांची कटकट थांबावी म्हणून. कटकट थांबली नाही, ती शेजारच्या सीटवर येऊन बसली.

जायचं कुठे, ते त्यांचं कधीपासून ठरलेलं होतं. आमच्या घरातून लग्न होऊन गेलेल्या मुलींकडे. लोट्याची कुंदा आणि मुरुडची शालू या आमच्या नणंदा, आणि अंजनवेलची आत्या, म्हणजे सासऱ्यांची बहीण. पूर्वी घरातला कोणी ना कोणी पुरुष वर्षातून एकदा तरी डोक्यावर फणस घेऊन बहिणीच्या दारात जायचा. आता भाऊ मुंबईहून रोज सकाळी मोबाईलवर गुलाबाचं फूल पाठवतात आणि तेवढ्यावर भागवतात. "फूल पाठवतोय मेला," वहिनी म्हणायच्या, "बहीण हाय का देवाचा फोटो?"

महिन्यातला एक बुधवार आम्ही ठरवला. बुधवारच का, तर इतर दिवशी कोणाचा ना कोणाचा उपास असतो, आणि बुधवारी मासळी चालते. आदल्या रविवारी दुपारी कॅलेंडरच्या फाटक्या पानाच्या उलट्या बाजूला बेत लिहिला जायचा. त्यात किलोमीटर नसायचे. कुंदाच्या नवऱ्याला कंपनीत रात्रपाळी असेल त्या आठवड्यात लोट्याला जायचं नाही, तो दिवसा झोपतो आणि मग तिला आपल्याशी कुजबुजत बोलावं लागतं. शालूची सासू दुपारी पोथी ऐकायला देवळात जाते, तेवढ्या वेळात मुरुड गाठायचं. रस्ता कसा आहे, हे त्यांनी मला कधी विचारलं नाही. खड्डे माझे आणि माणसं त्यांची, अशी आमची वाटणी होती.

पहिल्यांदा लोट्याला गेलो तेव्हा कुंदाने दार उघडलं आणि आम्हाला बघून ती भिंतीला धरून उभी राहिली. "कोण गेलं?" तिने विचारलं. वहिनी उखडल्याच. "कोण कशाला जायला हवं? आम्ही येऊ नये काय?" कुंदाचा काय दोष? कार्य नाही, मयत नाही, हातात पत्रिका नाही, आणि माहेरची दोन माणसं दारात. इतक्या वर्षांत असं तिच्याकडे कोणी आलंच नव्हतं. मला त्या दिवशी आमच्या घराची लाज वाटली, आणि ती मी परतीच्या वाटेवर गिअरवर काढली.

वहिनी कोणाकडे जेवायच्या नाहीत. उलट सकाळी उठून बांगड्यांचं तिखलं, भात, सोलकढी असं सगळं करून डबे भरायच्या, आणि त्या घरी पोचल्यावर पाहुण्यांच्या खुर्चीत न बसता सरळ स्वयंपाकघरात शिरायच्या. "बस. आज तू रांधायचं नाहीस." मग त्या माहेरवाशिणीला तिच्याच घरात पाटावर बसवून वाढायच्या. शालू पन्नाशीची बाई, पहिल्या घासाला रडली. वहिनी तिलाही ओरडल्या, की रडतेस काय, तिखट झालं काय!

आमच्या ह्यांना हे कळलं तेव्हा "पेट्रोल काय फुकट येतं?" असं म्हणून झालं. पण पुढे या बुधवारांचा उपयोग त्यांच्या ध्यानात आला. आमच्या आंब्याच्या वाडीला मुंबईचं गिऱ्हाईक आलं होतं आणि सातबाऱ्यावर आत्याचं नाव होतं. तिच्याकडून हक्कसोडपत्र हवं होतं, म्हणजे वडिलांच्या जमिनीतला आपला हिस्सा आपण भावाच्या मुलांसाठी सोडला, असा कागद. गणपतीत घरी आले तेव्हा ह्यांनी तो वकिलाकडून तयार करवून माझ्या हातात दिला. "तुम्ही जाताच आहात अंजनवेलला. येताना आत्याला गाडीत घालून आणा. मी दुसऱ्या दिवशी येतो, रजिस्टर ऑफिसात सही झाली की तिला परत सोडू. वहिनींना आत्ताच बोलू नकोस." मी बोलले नाही. नवऱ्याशी भांडण नको म्हणून मी तो कागद पर्समध्ये घातला. अजून आठवलं की माझं मलाच थोबाडावंसं वाटतं.

त्या बुधवारी जयगडला फेरीबोटीत गाडी चढवली, तवसाळला उतरलो, अकराच्या सुमारास अंजनवेलला पोचलो. आत्या दारातच उभी होती, ठेवणीतलं लुगडं नेसून. वहिनींनी वाढलं, ती घाईघाईने जेवली. हात धुऊन आत गेली आणि प्लास्टिकची पिशवी घेऊन बाहेर आली. आत आधार कार्ड आणि दोन फोटो.

"चला," ती म्हणाली. "सहीला जायचं ना? तुज्या घोवाचा, बाळूचा परवा फोन आल्ता."

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. मी पर्समधून कागद काढून त्यांच्यापुढे धरला. दुसरं काय करणार?

"तुम्ही पयल्यांदा आलात ना, तवाच मी सुनेला बोल्ले, कधीतरी सही मागतील," आत्या म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता, आणि तेच मला सोसवेना. आमच्या त्या सगळ्या बुधवारांवर मी एका कागदाने पाणी फिरवलं होतं.

वहिनी ओरडतील म्हणून मी वाट पाहत होते. त्या ओरडल्या नाहीत. "आत्या, सही करायची का नाय, ते तुमचं तुम्ही ठरवा. पण जे सोडायचं ते आधी बघून घ्या. चला." मग आत्याला पुढच्या सीटवर बसवून त्या स्वतः मागे बसल्या. संध्याकाळच्या आत रत्नागिरी गाठली.

आत्याने अकरा वर्षांनी माहेरची वाडी बघितली. काठी टेकत कलमाकलमाखाली थांबली, एका कलमाला म्हणाली, हे माझ्या बापसाने माझ्यासमोर लावलेलं. दुसऱ्या दिवशी हे मुंबईहून आले, इस्त्रीचा शर्ट घालून तयार. आत्या ओटीवर बसली होती. "बाळू," ती म्हणाली, "हिस्सा सोडला तर मी हितं पावनी. हिस्सा हाय तवर घरची. मी घरचीच ऱ्हाते." हे तावातावाने बोलले, दोन महिने माझ्याशीही बोलले नाहीत. गिऱ्हाईक गेलं. आत्या आठ दिवस राहिली आणि मग मीच तिला सोडून आले.

वहिनी त्यानंतर माझ्याबरोबर पूर्वीसारख्याच गाडीत बसल्या. रविवारचं पान, बुधवारचे डबे, सगळं तसंच. त्या कागदाबद्दल अवाक्षर नाही. मला वाटलं, विसरल्या.

गेल्या वर्षी त्यांचं दुखणं वाढलं. तीन महिने अंथरुणावर होत्या, आणि बघायला कोण आलं? कुंदा आली, शालू आली, आत्याची सून आली. बाकी साऱ्या भाऊबंदांनी फोनवरून "काळजी घ्या" म्हटलं. आणि बाराव्याला? अंगणात चपला ठेवायला जागा नव्हती. मी पंक्तीत आग्रह करायला गेले नाही. ज्यांना वाईट वाटलं असेल, त्यांना खुशाल वाटो.

जायच्या आधी दवाखान्यात एकदा मी धीर करून म्हटलं, "वहिनी, त्या दिवशी तो कागद मी तुम्हाला आधी दाखवायला हवा होता."

"मला ठाऊक होता," त्या म्हणाल्या. "बाळूने आधी माझ्याकडेच आणला होता. मी हाकलला त्याला. म्हटलं, आता हा वैजूकडे जाणार."

"मग बोलला का नाहीत?"

"वाट बघत होते गो. वाटलं, जयगडपर्यंत सांगशील. मग वाटलं, बोटीत सांगशील."

"मग एवढं ठाऊक असून माझ्या शेजारी बसलात कशाला?"

वहिनींनी डोळे मिटले. "मला कुठे गाडी चालवता येते?" म्हणाल्या.