बझरची तार

कापसाच्या जिनिंगमधल्या बझरची तार मीच कापली होती. कापसाची गंजी तापली की तो वाजायचा आणि माझी, म्हणजे सुपरवायझरची, दुपारची झोप मोडायची. साखरखेर्ड्याच्या रेडिओ मेकॅनिकने ट्रान्झिस्टर जोडून तो बनवला होता. सोल्डरच्या प्रत्येक गरम डागावर मेकॅनिक चहावर घालावी तशी फुंकर घालायचा.

गंजीला आग लागली. मालक मेकॅनिकला सगळ्यांसमोर म्हणाले, "तुह्यं खेळणं वाजलंच नाही ना बे?"

त्याने तारेच्या कापलेल्या टोकावरून अंगठा फिरवला आणि माझ्याकडे पाहिलं.

"शेठ, बझर आपल्या मनानं मुका नाही होत."

मी गप्प राहिलो. पुढे त्याला कोणी काम दिलं नाही.

मालक वारले, नोकरीची भीती गेली, तेव्हा कुठे मी त्याच्या घरी गेलो.

"आता काऊन आले, साहेब?"

"तार मी कापली होती," मी म्हणालो. "मला माफ करा."