न जाळलेला पट्टा

आमचं आळेफाट्याला पत्रे, खिळे नि पाइपांचं दुकान. त्या दुकानाच्या गल्ल्यावर बसून मी रान वाचवायला निघालो होतो. हसा खुशाल. नव्वदीची अखेर होती ती. आम्ही पाच-सहा जण, कुणी दुकानदार, कुणी मास्तर, रविवारी कल्याणची एसटी धरून डिंगोऱ्याला उतरायचो आणि डोंगरातल्या एका वाडीपर्यंत चालत जायचो. वाडीच्या वरचा उतार पार बोडका झाला होता आणि त्याच्या पायथ्याचा झरा होळीच्या आतच आटायचा. मग बायका हंडे घेऊन खालच्या ओढ्यापर्यंत उतरायच्या आणि भरल्या हंड्यानं तोच चढ चढायच्या. उतारावर पुन्हा रान उभं राहिलं तर झरा टिकेल, असं आम्ही वाडीला सांगितलं. सांगितलं कसलं, मी छातीठोक शब्दच दिला.

रोपं आणायची कुठून? नर्सरीत मिळायची ती सगळी बाहेरची, भराभर वाढणारी. इथलं खरं रान उरलं होतं वाडीच्या देवराईत. अंजनी, जांभूळ, हिरडा, आणि खाली त्यांचीच दाट रोपं. पण देवराईतली वाळकी काटकीसुद्धा बाहेर न्यायची नाही, हा तिथला नेम. आमच्यासाठी तो मोडायला तयार झाला देवीची पूजा करणारा एक म्हातारा. आम्ही त्याला बाबा म्हणायचो, तो मला शेठ. त्यानं देवीला कौल लावला, दाणा उजवा पडला. तरी निम्मी वाडी कुरकुरतच होती. तेव्हा बाबा सगळ्यांसमोर म्हणाला, "जगतील रोपं. न्हाई जगली तर मला धरा."

पावसाळ्यात आम्ही ती रोपं मातीच्या गड्ड्यासकट काढून उतारावर लावली. माझ्या आईला हे मुळीच पसंत नव्हतं. आमचं घर जैन. चातुर्मासात माती उकरायची म्हणजे केवढे जीव मरतात, म्हणून दर रविवारी ती माझ्याशी बोलणं टाकायची. मी घरचं उकळलेलं पाणी बाटलीत भरून गुपचूप निघायचो. वाडीत कधी पाणी प्यालो नाही. बाबाची सून दर खेपेला तांब्या पुढे करायची, मी बाटली दाखवायचो.

आणि रोपं जगली हो! दिवाळी उलटली तरी हिरवी होती. बाबा एकेका रोपापाशी बसून पानं चाचपायचा.

माघात तो म्हणाला, "शेठ, व्हळीच्या आदी कडंनं गवताचा पट्टा जाळून घिऊ. वणवा आला तर तितंच थांबंल. आमी दरसाल असंच करतो."

मी नाही म्हणालो. गवतात किडे, मुंग्या, टिटवीची अंडी. त्याला आपल्या हातानं काडी लावायची? आईचं बाकी सगळं मी कानाआड करत होतो, नेमकं हेच कुठून वर आलं कोण जाणे. "जाळायचं नाही बाबा. विळ्यानं कापू."

"लई गवात हाय, राव."

"आम्ही आहोत ना!"

दोन रविवार कापलं. तीन बाजू झाल्या, वरची राहिली. मग पत्र्यांचा सीझन आला. पावसाच्या आधी अख्ख्या तालुक्याला पत्रे हवे असतात, दुकानातून हलायची सोय नाही. बाबानं एसटीनं येणाऱ्या माणसाबरोबर दोनदा निरोप धाडला, वरची कड जाळू का? मी दोन्ही वेळा कळवलं, थांबा, येतो. आणि तो थांबला.

वैशाखात वणवा वरच्याच बाजूनं आला. एका दुपारीत सगळं संपलं. मी पोचलो तेव्हा राख थंड झाली होती. राखेत गोगलगायींचे पांढरे शंख पडले होते, एक धामण होती वेटोळं करून, जळालेली. ज्यांच्यासाठी मी काडी लावू दिली नाही, तेच सगळे. रोपांच्या जागी काळ्या काड्या. बाबानं मला शिव्या घातल्या असत्या तर फार बरं वाटलं असतं.

"तुमी येतो म्हणला व्हता," तो म्हणाला, "म्हून थांबलो."

वाडीनं मला काहीच केलं नाही. मी पडलो शेठ. त्यांनी बाबाला धरलं. देवीची पूजा त्याच्याकडून काढून घेतली आणि देवराई आम्हाला बंद केली. आमचे रविवारही बंद झाले. मी पत्रे विकत राहिलो. लाज वाटायची, आजही वाटते, पण त्या वाटेला जायची छाती झाली नाही.

गेलो तो चार-पाच वर्षांनी, बाबा गेल्याचं कळल्यावर. ऐन चैत्र. उतार तसाच बोडका, झरा कोरडा. सुनेनं घोंगडी टाकली, नेहमीसारखा तांब्या पुढे केला. बाटली पिशवीत होती. मी काढली नाही. तांब्या तोंडाला लावला आणि सगळा संपवला, जणू तेवढ्यानं काही फिटणार होतं.

तिनं रिकामा तांब्या पालथा घातला, कोपऱ्यातला हंडा उचलला. तोही रिकामाच होता.

"बसा शेठ," ती म्हणाली, "खालनं जाऊन येते," आणि ओढ्याच्या वाटेला लागली.